साखर वाढलेल्या आईचे दूध



साक्षरता वर्गाच्या या सभेत चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. विषय बायकांचा आणि बोलणारा म्हातारा मास्तर! काहींना हसू येईल. हसा, हरकत नाही. मी काही डॉक्टर नव्हे. जुनी मॅट्रिक झालेला, शाळेतून निवृत्त झालेला हेडमास्तर आहे. डॉक्टर आणि नर्सबाई जे सांगतात, सरकारी पुस्तिकेत जे छापलेले असते, ते सोपे करून सांगायचे, एवढेच माझे काम. तेच मी जन्मभर करत आलो.

आणि पुरुषमंडळींनो, तुम्ही उठून जाऊ नका बरे. बाळंतिणीला दवाखान्यात नेणारे तुम्ही. तिचे कागद तुमच्याच खिशात असतात. तेव्हा हे तुम्हीही ऐकले पाहिजे.

दर वर्षी १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. आईचे दूध बाळाला अमृत, हे आपण सारे जाणतो. पण एक शंका पुष्कळ घरांत असते. पोटुशी असताना जिला साखर झाली, म्हणजे मधुमेह झाला, त्या आईने बाळाला अंगावर पाजावे की नाही?

उत्तर आधीच सांगून टाकतो. पाजावे. लवकर पाजावे आणि पुष्कळ दिवस पाजावे. इतर आयांनी पाजावे, त्याहून तिने अधिक आग्रहाने पाजावे. आता असे का, ते एकेक करून पाहू.

ही साखर येते कोठून?

आपण भाकरी खातो, भात खातो. त्याची पोटात साखर होते. ती रक्तातून अंगभर फिरते. पण रक्तातली साखर शरीराच्या कामी यावयाची तर इन्सुलिन नावाचा रस लागतो. तो पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतो. कालव्याला पाणी आले, तरी चारीचे दार उघडल्याशिवाय ते शेतात जात नाही. इन्सुलिन म्हणजे ते दार उघडणारा पाटकरी.

बाई गरोदर राहिली, की पोटात बाळाबरोबर वार वाढते. ही वार काही रस सोडते. त्या रसांमुळे इन्सुलिनचे काम अवघड होते. दार जड होते म्हणा ना! बहुतेक बायकांचे शरीर जास्त इन्सुलिन तयार करून निभावून नेते. काहींचे शरीर कमी पडते. मग साखर रक्तात साचते. यालाच गर्भारपणातला मधुमेह म्हणतात.

यात त्या बाईचा दोष नाही. 'लई गोड खाल्लंस म्हणून झालं' असे तिला टोचून बोलू नये. अंग जड असणे, घराण्यात मधुमेह असणे, वय जास्त असणे, अशी याची अनेक कारणे आहेत. सडपातळ, तरुण मुलींनाही तो होतो. म्हणून तर तपासणी सर्वांचीच करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात. दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला, तर साखर वाढली असे समजतात. ही तपासणी पहिल्या भेटीला एकदा आणि पुढे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा करावयाची असते.

आपल्या देशात या कामासाठी चेन्नईचे डॉक्टर व्ही. शेषय्या यांनी फार खटपट केली. एकाच वेळी रक्त घेऊन भागेल, उपाशीपोटी यावे लागणार नाही, अशी ही सोपी तपासणी रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा जन्मदिवस १० मार्च. तो दिवस भारतात गर्भारपणातील मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

बाळंतपण झाले, वार पडली, की बहुतेक बायांची साखर आपोआप खाली येते. मग घरची माणसे म्हणतात, 'सुटलो!' पण गोष्ट तेथे संपत नाही. तेथून दोन नव्या गोष्टी सुरू होतात. एक बाळाची आणि दुसरी आईची.

पहिला तास बाळाचा

आधी बाळाचे पाहू. आईच्या रक्तात साखर जास्त, म्हणून नाळेतून बाळालाही साखर जास्त मिळते. बाळाचे शरीर ती रिचवण्यासाठी आपले इन्सुलिन जास्त तयार करू लागते. बाळ अंगाने भरते, वजनदार होते.

आता बाळ जन्मले. नाळ कापली. आईकडून येणारी साखर त्या क्षणी बंद झाली. पण बाळाच्या अंगातले जास्तीचे इन्सुलिन लगेच थांबत नाही. खळ्यावर मोठी रास आहे म्हणून दहा हमाल लावले. रास येणे बंद झाले, पण हमाल पोती उचलीतच राहिले. मग काय होणार? घटकेत खळे रिकामे! तसेच बाळाच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येऊ शकते.

बाळाच्या मेंदूला साखर लागते. ती फार खाली गेली आणि तशीच राहिली, तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. म्हणून अशा बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पहिल्या दिवसात पुन्हा पुन्हा साखर तपासतात. बाळाला टोचतात म्हणून रागावू नका. आकडा ४५ च्या खाली गेला, तर डॉक्टर लगेच उपाय करतात.

कोणी म्हणेल, 'बाळ चांगलं चार किलोचं आहे, त्याला काय होतंय?' पण येथेच फसगत होते. गुटगुटीत दिसणाऱ्या बाळाचीच साखर खाली जाण्याचा धोका जास्त असतो. म्हणून जन्मल्यावर तासाच्या आत त्याला आईच्या छातीशी द्यावे. आईच्या उघड्या अंगावर उघडे बाळ, वरून पांघरूण. बाळाला ऊब मिळते. ऊब मिळाली की त्याची साखर टिकते आणि ते लवकर ओढू लागते. पुढे दर दोन ते तीन तासांनी पाजावे. रात्रीसुद्धा. बाळ झोपले असेल तर हळूच उठवून पाजावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध दाट आणि पिवळसर येते. त्याला आपण चीक म्हणतो. गाय व्याली की तिचा चीक वासराला आधी मिळावा, म्हणून आपण जपतो. आणि बाईचा चीक मात्र काही घरांत 'घाण दूध' म्हणून पिळून टाकतात! हे बंद झाले पाहिजे. तो थोडा येतो, चमचाभर. पण नव्या बाळाचे पोटही इवलेसे असते. त्या चमच्यात साखर सांभाळण्याचे आणि रोगाशी लढण्याचे बळ असते.

मध चाटवू नये. गुळाचे पाणी देऊ नये. घुटी नको, साखरेचे बोट नको. 'साखर कमी होते ना, मग साखरच चाटवू' असे कोणी म्हणेल. पण तसे करू नये. बाळाच्या पोटात चीक जायला हवा. त्याला वरचे काही द्यावयाचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये. त्यातून विषबाधा होऊ शकते.

बाळ थरथरत असेल, लुळे पडत असेल, ओढत नसेल, अंग गार किंवा निळसर वाटत असेल, धाप लागली असेल किंवा झटके येत असतील, तर क्षणभरही थांबू नका. नर्सबाईंना हाक मारा. घरी आला असाल, तर तडक दवाखाना गाठा.

दूध उशिरा उतरले तर?

साखर झालेल्या काही आयांना दूध भरून यायला एखादा दिवस उशीर लागतो. पोट कापून बाळंतपण झाले असेल, अंग जड असेल, तर असे जास्त घडते. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन म्हणते, 'हिला दूधच नाही.' झाले! त्या एका वाक्याने पोरीचा धीर सुटतो. मग बाटली येते. बाळ आईला कमी ओढते. कमी ओढले, की दूध आणखी कमी येते.

विहिरीचे उदाहरण घ्या. उपसा होत राहिला, की झऱ्याची वाट मोकळी राहते. तसेच आईच्या दुधाचे आहे. बाळाला वरचेवर छातीशी घ्यावे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. ओढत नसेल, तर हाताने दूध काढून चमच्याने किंवा वाटीने पाजावे. ते कसे काढावे, हे नर्सबाई दाखवतात. टाके असतील, तर कुशीवर निजून पाजावे किंवा बाळाला काखेखाली धरून पाजावे. पोटावर भार येत नाही.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराच्या बाजूला मधुमेह असलेल्या सहाशेवर गरोदर बायांचा अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्या बायांना छत्तीसाव्या आठवड्यापासून थोडा चीक हाताने काढून साठवण्यास शिकवले होते. ज्यांच्या गर्भारपणात दुसरी अडचण नव्हती, अशा बायांना त्याने अपाय झाला नाही. पण हे आपल्या मनाने करू नये. डॉक्टरांनी हो म्हटले, तरच करावे.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तरी आईने दूध काढून द्यावे. मोठ्या शहरांत आता दूधपेढ्याही आहेत. १९८९ साली मुंबईला शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी अशी पेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेले दूध तपासून, तापवून तेथे आजारी बाळांना देतात. आईच्या दुधाची किंमत डॉक्टर किती मानतात, हे यावरून समजावे.

बाळाला दूध पुरते की नाही, हे कसे ओळखावे? पाचव्या दिवसापासून ते दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, पिऊन शांत होत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून काढत असेल, तर दूध पुरते आहे.

'साखरेचं दूध' हा गैरसमज

आमच्या आळीत एक घर आहे. सून बाळंत होऊन आली. तिला गर्भारपणी साखर झाली होती. चार दिवसांनी पाहतो, तर सासूबाई नातवाला बाटलीने पाजत होत्या. आम्ही सारे त्यांना आक्का म्हणतो. मी विचारले, "आक्का, सूनबाईंना दूध येत नाही का?"

"येतंय की गुरुजी," आक्का म्हणाल्या, "पण तिच्या रक्तात साखर हाय न्हवं? त्ये दूध पाजलं तर लेकराला बी साखर लागायची. येकीला झालं त्येवढं पुरं."

आक्कांच्या मनात मायाच होती. पण नुसती माया पुरत नाही, तिला माहितीची जोड लागते. मी आशाताईंना गाठले. त्या आल्या आणि आक्कांच्या शेजारी बसून त्यांनी समजावले. मधुमेह दुधातून लागत नाही. दुधात जी साखर असते, ती दुधाचीच वेगळी साखर. ती आईच्या स्तनात तयार होते, आणि सगळ्याच आयांच्या दुधात असते. तिनेच तर बाळ वाढते. आईला इन्सुलिनचे इंजेक्शन चालू असले, तरी ते बाळाला बाधत नाही, कारण पोटात गेलेले इन्सुलिन तेथेच पचून जाते. मेटफॉर्मिनची गोळी असली, तर ती दुधात अगदी थोडी उतरते. तीही पाजताना चालते, असे डॉक्टर सांगतात.

आक्का पुष्कळ वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग इतके दिस म्या लेकराच्या तोंडचं काढून घेतलं म्हना की!" आशाताई म्हणाल्या, "आक्का, अजून वेळ गेलेली नाही." त्या दिवसापासून सुनेने बाळाला वरचेवर छातीशी घेतले. आठवडाभर कष्ट पडले. मग बाटली फळीवर गेली ती गेलीच.

आईचा लाभ

आता दुसरी गोष्ट, आईची. ही लोक विसरतात. बाळ घरी आले, की सारे बाळाभोवती. आई मागे पडते.

गर्भारपणात जिला साखर झाली, तिला पुढच्या आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याची भीती इतर बायांच्या मानाने सात ते दहा पट असते. कोणाला दोन वर्षांत होतो, कोणाला वीस वर्षांनी. पण तो लांबवता येतो, पुष्कळदा टाळताही येतो. त्याचा एक उपाय तिच्याच जवळ आहे. अंगावर पाजणे!

दूध तयार करायला शरीराला रोज चारशे-पाचशे उष्मांक खर्च करावे लागतात. रक्तातली साखर त्या कामी लागते. साचलेले पाणी पिकाला मिळते म्हणा ना! इन्सुलिनवरचा भार हलका होतो आणि गर्भारपणात साठलेली चरबीही वापरली जाते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशा सुमारे हजार बायांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा महिन्यांहून अधिक पाजले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण, दोन महिन्यांच्या आत थांबलेल्या बायांपेक्षा निम्म्याहून कमी होते. जर्मनीत तीनशे बायांचा अभ्यास एकोणीस वर्षांपर्यंत चालला. तीन महिन्यांहून अधिक पाजणाऱ्यांना त्याचा लाभ पुढे कित्येक वर्षे मिळत राहिला, असे तेथे दिसले.

म्हणून पहिले सहा महिने नुसते आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर वरणभात, खिमट, पेज सुरू करावी आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे.

बाळंतिणीच्या ताटातही थोडा बदल करावा. डिंकाचे लाडू, शिरा, गूळतूप यांचा मारा या आईवर नको. पण तिला उपाशीही ठेवू नये. पाजणाऱ्या आईला भूक लागते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, मेथी-शेपूची भाजी, ताक, शेंगदाणे, तीळ द्यावेत. चालत असेल तर अंडी, मासळी द्यावी. अळीव द्यायचे असतील तर दुधात शिजवून, गूळ न घालता द्यावेत. अंगात बळ आले, की रोज थोडे चालावे. जिला अजून इन्सुलिन चालू आहे, तिने पाजण्याआधी थोडे खावे. पाजताना साखर खाली येऊन चक्कर येऊ शकते.

बेचाळीसावा दिवस

आता सर्वांत महत्त्वाचे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासावयाची असते. तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दोन तासांनी रक्त. पण पुष्कळ बाया या तपासणीला जातच नाहीत. 'आता बरं वाटतंय, कशाला जायचं?' असे म्हणतात. साखर दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ती फसवते.

ही तारीख लक्षात कशी ठेवावी? सोपे आहे. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घरात राहते. तो सरला, की चार-पाच दिवसांत तपासणी. आशाताई नव्या बाळाला पाहण्यासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळीसाव्या दिवशी घरी येतात. बेचाळीसावा दिवस म्हणजेच सहा आठवडे! त्या आल्या, की त्यांनाच विचारा, 'माझी साखर कधी तपासायची?' बाळाला सोबत घेऊन जा.

आणि येथे तुमची साक्षरता कामी येणार आहे. तुम्ही आता अंक वाचता. मग तपासणीचा कागद दुसऱ्याच्या हाती कशाला? स्वतः वाचा. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत असेल, तर ठीक. १४० ते १९९ असेल, तर साखर वेशीपाशी येऊन उभी आहे. २०० किंवा अधिक असेल, तर मधुमेह आहे. उपचार लगेच सुरू करावेत. आकडा ठीक आला, तरी दर वर्षी एकदा तपासावे. पुढच्या खेपेला दिवस राहिले, की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे, 'मागच्या वेळी साखर झाली होती.'

आक्कांची सून बेचाळीसाव्या दिवशी गेली. आकडा निघाला १५८. तिने तो स्वतः वाचला आणि घरी येऊन सासूला सांगितला. कायमचा मधुमेह नव्हे, पण वेशीपाशी आलेला. आता ती पाजते आहे, रोज सकाळी आक्कांबरोबर ओढ्यापर्यंत चालून येते आहे, आणि पुढच्या तपासणीची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या हाताने लिहून ठेवली आहे. ती तपासणीला गेलीच नसती, तर ती साखर कोणाला दिसली असती?

मायबहिणींनो, माझे बोलणे संपले. घरी जाल, तेव्हा एवढे करा. घरात कोणी गरोदर असेल किंवा नुकतीच बाळंत झाली असेल, तर तिचे माता-बाल संरक्षण कार्ड काढा. त्यावर साखरेचा आकडा लिहिला आहे का, ते पाहा. नसेल तर विचारा. असेल आणि तो १४० किंवा अधिक असेल, तर आज ऐकलेले तिला वाचून दाखवा. तिच्या सासूला आणि नवऱ्यालाही जवळ बसवा.

प्रश्न

१. साखर झालेल्या आईच्या बाळाला तासाच्या आत का पाजावे?

२. दूध कमी वाटले, तर काय करावे?

३. बेचाळीसाव्या दिवशी कोणती तपासणी करावी? १४० आणि २०० या आकड्यांचा अर्थ काय?

४. तुमच्या घरात बाळाला पहिल्या दिवशी काय देत असत? आता काय द्याल?